अनवाणी पावलांची मोजणी

हेमंतराव कोठावद्यांच्या घरात शिरलं, की देवघराच्या आधी दिसायची ती चाव्यांची फळी. सागवानी फळीवर एकोणीस खिळे, खिळ्यांना एकोणीस जुडगे आणि प्रत्येक जुडग्याखाली सुबक हातानं लिहिलेला घराचा नंबर. हात सुबक असणारच. नगर भूमापन खात्यात चौतीस वर्षं त्यांनी नकाशांवर आकडे घातले होते आणि कुणाच्याही सांगण्यावरून इंचाचा फेर केला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि जरा जास्तच वेळा सांगत.

नाशिकच्या ऐन मध्यातली नवउदय कॉलनी म्हणजे बासष्ट टुमदार बंगले. पुढे अंगण, मागे पेरू नाहीतर आंबा. मुलं शिकून मेलबर्नला, हॅम्बुर्गला, निदान बंगळुरूला गेली. मागे राहिलेल्यांपैकी काही वारले, काही मुलांकडे जाऊन राहिले. निघताना बहुतेकांच्या घराची चावी मात्र विश्वासानं हेमंतरावांच्या हातात दिली जाई. ते रोज सकाळी साडेसहाला एकोणीस घरांच्या फेरीला निघत. नळ थोडा वेळ सोडायचे, खिडक्या उघडून लावायच्या, दारातली पत्रकं उचलायची. घर बंद आहे हे कुणाला कळता कामा नये, हा कॉलनीचा अलिखित दंडक होता. गेटवरच्या पाट्यांवर नावंही जुनीच. त्यातली निम्मी माणसं या जगात नव्हती, पण पाट्या दर दिवाळीला पुसल्या जात.

बंद घरांत धूळ फार, म्हणून फेरीत ते पायातल्या चपला काढत नसत. सत्तेचाळीस नंबरचं गायधनींचं घर तेवढं निराळं होतं. तिथली फरशी लख्ख, कुंडीतली तुळस टवटवीत, खुर्ची कधीकधी खिडकीकडे सरकलेली. खुर्ची आपणच सरकवली असेल असं ते समजत. ‘घराची दिशा बरोबर असली की धूळ बसत नाही,’ असं त्यांनी एका सभेत ठासून सांगितलंही होतं. माणूस हुशार होता, पण आपली समजूत चुकली असेल अशी शंका त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे.

बारा वर्षं ते कॉलनीचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या चौदा नंबरच्या बंगल्याचा हॉल हीच कॉलनीची कचेरी. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत माणसांचा राबता. कुणी दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागलं, की हेमंतराव आतूनच म्हणत, “असू द्या, असू द्या, बूट असू द्या.” मोठ्या मनाचा माणूस असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या पत्नी शैलजाबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सुरुवातीला त्या फरशी पुसत, चहा करत, क्वचित बोलतही. पुढे त्यांनी घरात रबरी चपला घालायला सुरुवात केली आणि बोलणं सोडलं. अलीकडे सकाळची आवराआवर झाली की “जाऊन येते” म्हणत आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत येत. कुठे जातेस, हे विचारायचं हॉलमधल्या गर्दीत राहून जाई.

आणि मग तो कायदा आला.

त्याचं मूळ साधं होतं. शहराच्या मध्यभागात बांधकामाची उंची पन्नास वर्षांपूर्वीच्या नकाशानं ठरवलेली. बंगल्यांच्या वस्तीत दुमजलीच्या वर काही चढवायचं नाही. त्यामुळे शहर वर न जाता आडवं पसरत गेलं. मध्यावरच्या इस्पितळातल्या नर्सा आणि शाळांतले मास्तर सिन्नरच्या आणि दिंडोरीच्या पुढून दीड-दोन तास प्रवास करून यायचे, आणि मध्यावरचे बंगले कुलपात. नवा नियम म्हणाला, नकाशावरचा रंग आता पाहायचा नाही, तिथे माणसं किती राहतात ते पाहायचं. ज्या वस्तीत निम्म्या किंवा अधिक घरांत माणसं खरोखर राहतात, ती आहे तशीच राहील. जिथे निम्म्याहून कमी, तिथे सात मजल्यांची परवानगी. नवउदयचा हिशेब बोटांवर होण्यासारखा होता. बासष्ट घरं, एकतीस भरलेली हवीत.

पण ‘खरोखर राहतात’ हे ठरवणार कोण? मतदारयादीत सगळेच राहत होते. गेटवरच्या पाट्यांवर तर मेलेलेही राहत होते.

इथे यंत्र आलं. घराघरात इंटरनेटसाठी केसाएवढी बारीक काचेची तार जमिनीखालून गेलेली होतीच. या तारेत लेसरचा झोत सोडला, की त्यातला किंचित प्रकाश वाटेतून ठिकठिकाणाहून उलटा परततो. तारेजवळ कुणी पाऊल टाकलं, तर जमीन नावाला हलते, काच तितकीच नावाला ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. हा फरक वाचता आला की मैलोन्‌मैल लांबीच्या तारेचा प्रत्येक मीटर एक कान होतो. त्याला बोलणं ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही. पावलं तेवढी कळतात.

आणि प्रत्येकाची चाल निराळी. टाच किती जोरात पडते, कोणता पाय किंचित मागे राहतो, वळताना माणूस किती थांबतो, यावरून यंत्र एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढायचं आणि नावाऐवजी नंबर द्यायचं. आता एकच माणूस दहा घरांत गेला, तर त्याचं घर कोणतं? हे ज्यांनी यंत्राला शिकवलं ती माणसं इथलीच होती. त्यांनी एक साधी गोष्ट हेरली. आपल्याकडे माणूस जिथे अनवाणी आणि बिनकामाचा फिरतो, ते त्याचं घर. पाहुणा दारापासून खुर्चीपर्यंत जातो आणि परत येतो. घरचा माणूस उगाच खिडकीशी जातो, अर्ध्यातून मागे फिरतो, आपण कशाला उठलो हे विसरून उभा राहतो. रात्रीच्या मुक्कामाला यंत्राच्या लेखी किंमत नव्हती. झोपलेल्या माणसाला पावलं नसतात.

ही माहिती छापील पत्रकात घरोघर वाटली होती. नवउदयमध्ये ती कुणी वाचली नाही. मोजणी पावलांची आहे एवढंच सभेत सर्वांनी ऐकलं आणि हॉलमध्ये हुशारीला ऊत आला. पंचावन्न नंबरचे बेदमुथा म्हणाले, पावलंच हवी ना, मग घाला पावलं. भजनी मंडळ रात्री आळीपाळीनं बंद घरांत बसवायचं ठरलं. हेमंतरावांनी फेरी दिवसातून दोनदा करायची, सकाळी दहाच्या आत आणि दिवेलागणीनंतर, आणि प्रत्येक घरात दहा मिनिटं येरझाऱ्या घालायच्या. चौतीस वर्षं इंचाचा फेर न करणाऱ्या माणसाला हे खटकायला हवं होतं. पण कॉलनी वाचवायची म्हटल्यावर त्यांनी मनाची समजूत घातली, की मी काही लिहून देत नाही, नुसता चालतोय.

तीन महिने ते चालले. गुडघे सुजले तरी चालले.

सुनावणी कॉलनीच्याच मंगल कार्यालयात झाली. पालिकेकडून आली होती इरा पगार, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, खांद्याला पिशवी, डोळ्यांत अपुरी झोप. तिनं भिंतीवर नकाशा टाकला आणि घरं एकेक करून उजळत गेली. हिरवं म्हणजे भरलेलं, पांढरं म्हणजे रिकामं. पांढऱ्यांवर पांढरी पडत गेली तसा सभागृहाचा आवाज बसला. इतकी घरं रिकामी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण सगळ्यांनी मिळून कधी पाहिलं नव्हतं. ज्याला त्याला आपल्या शेजारची दोन ठाऊक. एखाद्या तोंडातले पडलेले दात कुणी मोजून दाखवावेत, तसं झालं.

इरानं घसा साफ केला. “अठरा बंद घरांत एकच माणूस सापडतो. दोनशे बारा नंबरची चाल. डावा पाय जरा ओढतो, चपला घालून असतो. तो तिथे राहत नाही, कामाला येतो असं यंत्राचं म्हणणं आहे.”

सगळ्यांच्या माना हेमंतरावांच्या डाव्या पायाकडे वळल्या. त्यांनी पाय खुर्चीखाली घेतला. मागून कुणीतरी हसलं, आणि अपमानानं त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

भजनी मंडळ तर यंत्रानं पाहुण्यांतच टाकलं होतं. तरी शेवटी आकडा आला एकतीस. काठावर पास. बेदमुथांनी टाळी वाजवायला हात उचलले होते, इतक्यात इरा एकेका घराची माणसं वाचायला लागली. तेरा नंबर, चार. चौदा नंबर, एक.

हेमंतराव उभे राहिले. आधीच डिवचलेले होते. आता त्यांना यंत्राला पकडायची संधी मिळाली होती. चौदा नंबर माझं घर आहे, त्यात मी आणि माझी पत्नी असे दोघे राहतो, तीस वर्षं राहतो, आणि ज्या यंत्राला ढळढळीत बाई दिसत नाही त्याची मोजणी आम्ही मानत नाही, असं त्यांनी भर सभेत बजावलं. मला हरकत नोंदवायची आहे, म्हणाले. इरानं पडद्यावर काहीतरी शोधलं आणि तिचा चेहरा बदलला. ती हळूच म्हणाली, “काका, हे आपण ऑफिसात बोललो तर बरं.” पण काका ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी सुबक हातानं जागच्या जागी हरकत लिहिली आणि सही ठोकली.

मग इरानं सांगायचं ते सांगितलं. “दोनशे तेरा नंबरची चाल तुमच्या घरात आहे. पण ती चपला घालून आहे, स्वयंपाकघर ते हॉल एवढीच आहे. तीच चाल दिवसाचे आठ तास सत्तेचाळीस नंबरात अनवाणी आहे. तार वर्षभर ऐकते आहे, त्यातले आठ महिने. म्हणून यंत्रानं त्यांना तिथलं धरलं.”

हेमंतरावांना पहिल्यांदा काहीच उमगलं नाही. सत्तेचाळीसची चावी तर त्यांच्याच फळीवर होती. मग लख्ख फरशी आठवली, टवटवीत तुळस आठवली, खिडकीकडे सरकलेली खुर्ची आठवली. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते त्यांनी सत्तर वर्षांत पुष्कळदा ऐकलं होतं. आता ते खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

त्यांच्यापेक्षा आकडेमोडीत बेदमुथा चपळ निघाले. हेमंतरावांची हरकत खरी ठरली, तर शैलजाबाई चौदा नंबरात जमा. म्हणजे सत्तेचाळीस रिकामं. म्हणजे तीस. अध्यक्षांनी स्वतःच्या सहीनं कॉलनी बुडवली होती.

आठ दिवसांत हरकत मागे घेता येत होती. त्यासाठी चौदा नंबरात एकच व्यक्ती राहते असं हेमंतरावांनी लिहून द्यायचं, आणि मी सत्तेचाळीस नंबरात राहते असं शैलजाबाईंनी.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. सगळ्यांचं म्हणणं एकच, की कागदच तर आहे, कागदावर वहिनी तिकडे, प्रत्यक्षात घरात. तीन महिने खोटं चालून झालंच आहे, त्यात एक सही काय जड? हेमंतरावांनाही ते पटलं, नव्हे, पटवून घेतलं. शैलजाबाई त्या दिवशीही वेळेवर आल्या होत्या, स्वयंपाकघरात कुकर लावत होत्या. सभेत काय झालं ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. हेमंतरावांनीही काढला नाही. हॉलमध्ये माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी न करता ते कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. दुपारची झोप लागत नसेल म्हणून जाते बिचारी, असं रात्रभरात त्यांनी ठरवून टाकलं होतं. शैलजाबाईंनी चष्मा लावला, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, शाळेत निकालपत्रक वाचत तसा, आणि सही केली.

“बरं झालं,” हेमंतराव हसून म्हणाले. “तेवढंच एक खोटं. कॉलनीसाठी.”

“खोटं कुठे आहे?” शैलजाबाई म्हणाल्या.

हेमंतरावांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. शैलजाबाई चपला घालून बाहेर पडल्या आणि ते मागोमाग गेले. भर दहा वाजता सत्तेचाळीस नंबर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शैलजाबाईंनी पर्समधून चावी काढली. गायधनींच्या मेलबर्नच्या लेकीनं ती त्यांना पाठवली होती, “राहा की काकू, घराला तेवढीच सोबत,” असं म्हणून. दारात त्यांनी चपला काढल्या आणि आत गेल्या. हेमंतराव सवयीनं तसेच आत शिरणार, तोच शैलजाबाईंनी त्यांच्या पायांकडे नुसतं पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा हेमंतरावांनी त्या दाराबाहेर चपला काढल्या.

आत विशेष काही नव्हतं. शैलजाबाईंनी उघडलेल्या कपाटात दोन पातळं, एक सूक्ष्मदर्शक, शेवाळाच्या नमुन्यांच्या काचपट्ट्या, चहाचं एक पातेलं, एक कप. एकच कप. हेमंतरावांची नजर त्या कपावर गेली ती निघेना. सकाळच्या फेरीत तो त्यांना कधी दिसला नव्हता. जाताना त्या तो धुऊन आत ठेवत असणार.

“इथे करतेस तरी काय?” त्यांनी विचारलं.

“चालते,” त्या म्हणाल्या. “खिडकीशी जाते, परत येते. काचेखाली काहीतरी बघत बसते. तुम्हाला आठवतं, तुम्ही सगळ्यांना बूट असू द्या म्हणायचात? माझ्या टाचा दुखायच्या, डॉक्टर म्हणाले अनवाणी चाला. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लोकांना कसं सांगायचं. मग मीच चपला घातल्या. स्वतःच्या घरात बारा वर्षं परक्यासारखी वावरले हो मी. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आलं ते एका तारेच्या.”

“मला सांगायचंस.”

“तुमच्या समोर रोज दहाला ‘जाऊन येते’ म्हणत होते. आठ महिने.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “संध्याकाळी यायची, कारण तुम्ही जेवाल की नाही हा घोर. पण काल त्या मुलीनं भर सभेत सांगितलं ते ऐकल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. आता येणार नाही. तुम्ही सही करा, नका करू. मी इथली आहे.”

हेमंतरावांना खुर्चीवर बसावंसं वाटलं. पण खुर्ची खिडकीकडे वळवलेली, आणि ती कुणाची हे आता त्यांना माहीत होतं. ते उभेच राहिले. मग कागद घेऊन बाहेर पडले.

सात दिवस तो कागद टेबलावर पडून होता. सही केली नाही तर दोघे चौदा नंबरात असं धरलं जाणार होतं, आणि कॉलनीवर सात मजले चढणार होते. ते खोटं ठरलं असतं. सही केली तर सगळं वाचत होतं, आंबे, अंगणं, पाट्या. फक्त ते खरं होतं, आणि ते स्वतःच्या हातानं लिहायचं होतं. रोज संध्याकाळी सहाला ते स्वयंपाकघराकडे पाहत. शैलजाबाई आल्या नाहीत. चौतीस वर्षांत लोकांच्या भांडणातल्या हद्दी त्यांनी खुणा रोवून दाखवल्या होत्या, भाऊभाऊ रडताना पाहिले होते, आणि मोजपट्टीला भावना नसते असं साहेबी थाटात सांगितलं होतं.

आठव्या दिवशी ते पालिकेत गेले आणि इरासमोर बसून रकाना भरला. राहणाऱ्या व्यक्ती, एक. आकडा नेहमीसारखा सुबक आला नाही. इरानं कागद घेतला. तिनं विचारलं, “काका, नक्की ना?” तिला स्वतःला दोन तास लांब राहावं लागत होतं, नवउदय खुली झाली असती तर तिच्यासारख्या कितीजणींना तिथे घर मिळालं असतं. पण तिनं विचारलं ते त्यासाठी नव्हतं, हे त्यांना कळलं.

“मोजणी बरोबर आहे तुमच्या यंत्राची,” ते म्हणाले. “आमचीच चुकली होती.”

संध्याकाळी कॉलनीनं विजय साजरा केला. बेदमुथांनी जिलबी आणली. बासष्टातली एकतीस घरं भरलेली, नियमाला अगदी काटेकोर. माणसं होती तेवढीच होती, घर तेवढं एक वाढलं होतं. हॉलमध्ये बूट वाजत होते, चाव्यांच्या फळीला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. “बूट बाहेर काढा,” हेमंतराव म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, आणि लोक थबकून त्यांच्याकडे पाहायला लागले. काहींनी काढलेही. हेमंतरावांनी फळीवरून सत्तेचाळीसचा जुडगा उचलला आणि ते गर्दीतून वाट काढत बाहेर पडले.

सत्तेचाळीसच्या दाराशी ते थांबले. अकरा वर्षं या कुलपात त्यांनी रोज चावी फिरवली होती. जुडगा हातात होता. त्यांनी तो पायरीवर ठेवला, चपला काढल्या आणि बेल वाजवली.

आतून पावलं आली. हलकी, अनवाणी, मध्येच जरा थांबणारी. तीस वर्षांच्या संसारात ही चाल त्यांनी कधी कान देऊन ऐकली नव्हती. तारेनं ओळखली होती, त्यांना ओळखता आली नसती. पावलं दाराच्या पलीकडे येऊन थबकली.

“कोण आहे?”

हेमंतरावांनी तोंड उघडलं. ‘मी’ म्हणावं, तर त्या एका शब्दावर दार उघडेल एवढा हक्क आता उरला होता का, हेच त्यांना समजेना.

“चौदा नंबरमधून आलोय,” ते म्हणाले, आणि दाराबाहेर उभे राहिले.